मंडळींची तयारी नाही

साळूबाईनं म्हैस देऊन टाकली, तेव्हा कुठं आंबेगोठणातल्या माणसांना पटलं की सुभेदार आणि त्यांची बायको खरंच आसामला निघालेत.

तोवर सगळे हसण्यावारी नेत होते. पासष्टी पार केलेला गडी, साठी उलटलेली बाई, गुडघे दोघांचेही कुरकुरणारे, आणि निघालेत म्हणे परमुलखात लोकांची सेवा करायला! पारावर तर एकानं पैज लावली होती की आसाम लांबच राहू दे, ही जोडी कराडच्या स्टँडवरनंच भांडून माघारी येईल. पण म्हैस म्हणजे चेष्टा नव्हे. दुसऱ्या वेताची, साळूबाईशिवाय कुणाला कासेला हात लावू न देणारी ती म्हैस साळूबाईनं शेजारच्या शालूबाईच्या दावणीला नेऊन बांधली, पाठीवरून एकदा हात फिरवला, आणि मागं वळून न बघता घरी आली. घरी आल्यावर मात्र डोळे पुसत बसली. नवऱ्यानं विचारलं तर म्हणाली, धूर गेला. घरात दहा वर्षांपासून गॅस होता.

त्याचं असं झालं. वाईला मैत्र मिशन नावाची एक संस्था आहे. निवृत्त झालेल्या नवरा-बायकोंना ती दीड वर्षासाठी लांब कुठंतरी पाठवते, जिथं पूर येतो, दरडी कोसळतात, जिथं पोरांची वसतिगृहं चालवायला माणसं मिळत नाहीत अशा ठिकाणी. पगार नाही. राहायला एक खोली आणि दोन वेळचं जेवण. अट एकच, जोडप्यानंच जायचं. एकटं माणूस परक्या मुलखात रमत नाही, महिनाभरात पळून येतं, हा त्यांचा आजवरचा अनुभव.

एकोणीसच्या महापुरात निम्मं आंबेगोठण कृष्णेच्या पाण्यात गेलं, तेव्हा माळावरच्या हायस्कुलात चारशे माणसं नऊ दिवस राहिली होती. त्या चारशे माणसांचा स्वयंपाक साळूबाईनं चालवला. चालवला म्हणजे नुसता भात ढवळला नव्हे. कुणाच्या माळ्यावर कोरडं जळण उरलंय, कुठल्या बाईचा हात भाकरीला चालतो आणि कुठलीचं नुसतं तोंडच चालतं, बाळंतिणीला काय द्यायचं, साखरेच्या म्हाताऱ्यांना काय द्यायचं नाही, सगळा कारभार तिच्या डोक्यात. मिशनची माणसं मदतीचा ट्रक घेऊन आली होती. ती बघतच राहिली. जाताना त्यांनी साळूबाईचा फोन नंबर लिहून घेतला. नंबर अर्थात नवऱ्याचा होता, कारण तेव्हा तिच्याकडं फोनच नव्हता.

पुढं बऱ्याच वर्षांनी मिशनचा फोन आला. आसामात पुराच्या पट्ट्यात शंभर मुलींचं वसतिगृह आहे, स्वयंपाकघर सांभाळायला तुम्ही दोघं याल का? सुभेदार लालासाहेब शेवाळे फोनवर मोठ्या आवाजात म्हणाले की विचार करून कळवतो. साळूबाईनं मान हलवून हो म्हटलं ते विचार न करताच.

सेवेची आवड तिला होतीच, त्यात खोटं काही नाही. पण मनातलं खरं कारण निराळं होतं आणि ते तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. लालासाहेब अठ्ठावीस वर्षं फौजेत होते. दर सुट्टीला आले की म्हणायचे, पुढच्या पोस्टिंगला फॅमिली क्वार्टर मिळतंय, तुला घेऊन जातो. मग पुढच्या पोस्टिंगला सासूला अर्धांगवायू झाला. त्याच्या पुढच्या पोस्टिंगला ऊस लावायचा होता. त्याच्याही पुढच्याला पोराची, यशराजची, दहावी होती. अंबाला, जबलपूर, तेजपूर ही नावं साळूबाईला तोंडपाठ, पण बघितलं त्यातलं एकही नाही. बरं, रिटायर होऊन नवरा घरी आला, तो तरी घरी आला का? तो गावात आला. सकाळी पार, दुपारी सोसायटी, संध्याकाळी माजी सैनिक संघटना. घरात यायचा तो जेवायला आणि झोपायला. दोघांचं बोलणं म्हणजे मीठ कमी हाय, आणि मोटर कवा सुरू करायची.

आसामात ह्यांना पार नाही, सोसायटी नाही, रामराम घालणारं एक माणूस नाही. तिथं हे बोलून बोलून बोलणार कुणाशी? माझ्याशीच की! साळूबाईचा सगळा हिशेब हा एवढाच होता. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती, आता तरी नवरा-बायकोनं मिळून दीड वर्षाचा संसार करावा.

म्हणून तिनं तयारी केली ती नुसती तयारी नव्हती, धडाका होता. चाळीस वर्षांची मिश्री एका दिवसात सोडली. पहिले आठ दिवस दात शिवशिवत होते आणि ती सगळ्या घरावर खेकसत होती. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून घेतला. रोज पहाटे नवऱ्याला ओढून धरणाच्या कॅनॉलपर्यंत चालायला न्यायची. पायात नवऱ्याचेच जुने कापडी बूट, वर नऊवारी. पोरं मागनं लेफ्ट-राइट करायची, तर ती वळून त्यांना सॅल्यूट ठोकायची. हिंदी शिकायला सुरुवात केली. तिचं हिंदी ऐकून लालासाहेबांच्या तोंडातला चहा एकदा बाहेर आला होता. "ए लडकी, भात वाढू क्या, के अजून पोट भऱ्या नै?" असं ती रिकाम्या पातेल्यापुढं उभी राहून म्हणायची, आणि शंभर मुली आपल्या पुढं ताटं घेऊन बसल्यात असं तिला दिसायचं. दुपारी लालासाहेब तिला आसामातल्या पावसाच्या, बांबूच्या घरांच्या गोष्टी सांगायचे. त्या दोन महिन्यांत ते तिच्याशी जेवढं बोलले तेवढं मागच्या दहा वर्षांत बोलले नव्हते. तिला वाटायचं, आपण निघालो की नाही कोण जाणे, पण पोचलो मात्र आत्ताच.

मग वाईला मुलाखत झाली. मिशनची पद्धत अशी की नवरा-बायकोला वेगवेगळं बसवून विचारायचं. नाहीतर एकच बोलतो आणि दुसरं मान हलवतं. मुलाखत घेणारी समीना मुल्ला नावाची तिशीच्या आतली, चटपटीत बोलणारी मुलगी होती. साळूबाई आत पाऊण तास होती. हसत बाहेर आली. लालासाहेब दहा मिनिटांत बाहेर आले. परतीच्या एस्टीत ते खिडकीबाहेर बघत राहिले. साळूबाईला वाटलं, ऊन लागलं असेल.

त्यानंतर पंधरा दिवसांनी कागद आले.

लालासाहेबांनी एका दुपारी प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला आणि जिथं सही करायची तिथं पेन्सिलीनं फुली मारून ठेवली. ही त्यांची फौजेतली सवय. तेव्हाही पाकिटातून फॉर्म यायचे आणि फुलीवर साळूबाई सही करायची. तिची सातवी झाली होती, वाचायला चांगलं येत होतं. पण नवऱ्यानं पाठवलेला कागद वाचायचा असतो हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं, आणि त्यात कधी वाकडंही झालं नव्हतं. आताही ती जीभ दातात धरून, एकेक अक्षर कोरत सह्या करत गेली. मधेच एक दाखला हाताला लागला. ग्रामपंचायतीचा. अर्जदाराच्या घरी शौचालय असून अर्जदार त्याचा नियमित वापर करतात.

तिला हसू फुटलं. आपला संडास तर इथंच राहणार, मग आसामला त्याचा दाखला कशाला, असं तिनं विचारलं. सरकारी काम म्हटल्यावर सतरा कागद लागतात, तुला त्यातलं कळत नाही, असं सांगून लालासाहेबांनी पुढची फुली दाखवली. तिनं सही केली. ही गंमत तिनं शालूबाईला सांगितली, फोनवर यशराजला सांगितली आणि प्रत्येक वेळी पोट धरून हसली. मग दोनच दिवसांनी म्हैस देऊन आली.

आठवडाभरानं सोमवारी दुपारी नानासो आले. नानासो म्हणजे सोसायटीचे चेअरमन आणि गावातली सगळी सूत्रं हलवणारा माणूस. बरोबर चौघंजण, हातात नारळ आणि शाल. लालासाहेब तालुक्याला गेले होते. साळूबाईला वाटलं, निरोपाचा सत्कार असेल. तिनं पदर सारखा केला आणि सतरंजी टाकली.

नानासो बसले आणि म्हणाले, "वैनी, न्हवं, सरपंचबाई. नारळ घ्या. अर्ज मंजूर झाला."

साळूबाईनं विचारलं, कसला अर्ज?

नानासो मोठ्यानं हसले. त्यांना वाटलं वहिनी चेष्टा करतायत. मग मांडी बदलून त्यांनी सगळं कौतुकानं सांगितलं. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघाली आणि आंबेगोठणाची जागा खुल्या गटातल्या बाईसाठी गेली. गावातले चार बाप्ये तोंड आंबट करून बसले. मग सुभेदारांचं नाव पुढं आलं, म्हणजे सुभेदारांच्या मंडळींचं. माणूस शिस्तीचा, फौजेतला, गावात कुणाचा विरोध नाही. सही वहिनींची, कारभार सुभेदारांचा. सुभेदारांनी तर गावासाठी आसामवर पाणी सोडलं, केवढा त्याग! छाननीत अर्ज उडाला तर पंचाईत नको म्हणून नानासोंच्या सुनेचा, पूजाचा, एक डमी अर्ज भरून ठेवला होता. तो उद्या मागं घ्यायचा, की झाली साळूबाई बिनविरोध.

साळूबाई ऐकत होती. तिच्या डोळ्यांपुढं एकच कागद नाचत होता, संडासाच्या दाखल्याचा. तो आसामला नव्हे, निवडणुकीच्या अर्जाला लागला होता. तिच्या सह्या, कोरून कोरून केलेल्या, जीभ दातात धरून केलेल्या.

ती उठली. पाच जणांचा चहा ठेवला. आलं ठेचलं. कप बशीत ठेवताना एकाही बशीचा आवाज झाला नाही. चहा देता देता तिनं अगदी सहज विचारलं, अर्ज मागं घ्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं असतं? नानासोंनी सांगितलं की काही नाही, दुपारी तीनच्या आत तहसील कचेरीत जायचं, ज्याचा अर्ज त्यानं स्वतः सही करायची, मोकळं.

माणसं गेल्यावर तिनं दार लोटलं आणि वाईला फोन लावला. आता तिच्याकडं स्वतःचा फोन होता. आसामच्या तयारीत यशराजनं पाठवलेला.

समीनाचा आवाज नेहमीसारखाच गोड होता, पण त्यात एक काळजी होती, आजाऱ्याशी बोलतात तशी. "काकू, वाईट नका वाटून घेऊ. काकांनी सगळं सांगितलं मला. घर सोडायचं म्हटलं की तुम्हाला धडधडतं, झोप येत नाही, रडता. मंडळींची तयारी नाही म्हणाले. होतं असं, ह्या वयात अवघडच असतं ते. आम्ही मिरजेच्या एका जोडप्याला ती जागा दिलीय. तुम्ही अजिबात अपराधी वाटून घेऊ नका."

साळूबाईच्या तोंडाशी शब्द आले होते. अगं, मी कुठं रडले? मी म्हैस दिली, मिश्री सोडली, मी हिंदी शिकले! पण बेचाळीस वर्षांची सवय आडवी आली. चारचौघांत नवऱ्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. ती म्हणाली, व्हय बाई, तसंच झालं. आणि फोन ठेवला. सरपंचाच्या अर्जानं तिला राग आला होता. ह्या फोननं मात्र तिच्या अंगातलं बळच गेलं. भित्री बाई! पुरात छातीएवढ्या पाण्यातून डोक्यावर तांदळाचं पोतं घेऊन आलेली साळूबाई, तिच्या नावावर नवरा भित्रेपणा लिहून मोकळा झाला होता.

संध्याकाळी लालासाहेब आले. तिनं वाढलं. त्यांचं जेवून झालं, हात धुऊन झाले, तेव्हा ती म्हणाली, नानासो येऊन गेले.

लालासाहेब थांबले. मग एकदम भरभर बोलायला लागले. तुला सांगणारच होतो, आधी अर्ज मंजूर होऊ दे म्हटलं. अगं, गावाची सेवा ती सेवा नाही का? त्यासाठी एवढ्या लांब कशाला जायला पाहिजे? आणि नाव तर तुझंच होणार, भिंतीवर पाटी तुझी लागणार, पंधरा ऑगस्टला झेंडा तुझ्या हातानं.

साळूबाईनं त्यांना बोलू दिलं. बोलणं संपल्यावर म्हणाली, "समीनाला काय सांगितलं?"

लालासाहेबांनी टॉवेल खांद्यावरून काढला, परत टाकला. "तुला पाऊण तास विचारलं त्या पोरीनं. मला काय विचारलं ठावं हाय? रजिस्टर लिव्हाल का. गेटवर बसाल का. भाजी आणाल का. सुभेदार हाय मी, साळू. माझ्या हाताखाली साठ जवान हुते. आणि तितं मी कोण? सैपाकवालीचा नवरा."

"आणि मी हितं अठ्ठावीस वर्सं कोण हुते?"

लालासाहेबांनी तांब्यातलं पाणी पेल्यात ओतून घेतलं.

"गेटवर बसायचं नव्हतं तर तसं म्हणायचं हुतं," ती म्हणाली. "मला वाईट वाटलं असतं, पण मी ऐकलं असतं. माझं नाव कशाला घातलं त्यात?"

"आगं, सगळेच तसं सांगत्यात," लालासाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात खरंच आश्चर्य होतं, एवढी साधी गोष्ट हिला कशी माहीत नाही ह्याचं. "बायकूचं नाव पुढं केलं की कुणी फुडं इचारत न्हाई."

साळूबाईनं खरकटं गोळा केलं. त्या रात्री ती लवकर झोपली. नवऱ्यानं समीनाला सांगितलं होतं तसं रडली वगैरे काही नाही.

दुसऱ्या दिवशी लालासाहेब पारावर गेले, तेव्हा ती एकची एस्टी धरून तालुक्याला गेली. एकटी ती ह्याआधी फक्त दळपाला आणि दवाखान्यात गेली होती. तहसील कचेरीत बघावं तिकडं गर्दी. प्रत्येक बाईभोवती चार बाप्ये, एक पिशवी धरतो, एक कागद धरतो, एक बाईच्या कानात सांगतो. साळूबाईच्या भोवती कुणीच नव्हतं. टेबलापलीकडच्या साहेबांनी तिच्यामागं कोण आलंय म्हणून वाकून बघितलं. कोणी दबाव आणलाय का, असं त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं, दबाव आला होता तो अर्ज भरताना, आता नाही. आणि कागद आधी वरपासून खालपर्यंत वाचला, बोट ठेवून, एकेक ओळ. मागं रांग खोळंबली. कुणीतरी च्यक् केलं. तिनं वाचून संपवलं आणि मगच सही केली. घड्याळात दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

कचेरीच्या पायऱ्यांवर पूजाला घेऊन नानासो आणि लालासाहेब धावत येताना भेटले. नानासोंनी तिच्या हातातला कागद बघितला, एक क्षण डोकं खाजवलं आणि मग असे काही मोकळे हसले की साळूबाईला सगळं कळलं. हरकत नाही वहिनी, जबरदस्ती थोडीच आहे, असं म्हणून ते सुनेला घेऊन तिथूनच वळले. पूजाचा अर्ज आत होता तसाच राहिला. म्हणजे सून बिनविरोध सरपंच. लालासाहेब त्यांच्या पाठीकडं बघत उभे होते. तीन वाजेपर्यंत उभेच होते.

तिला त्यांची दया आली, हे कबूल करायला पाहिजे. घरी येताना एस्टीत ती त्यांच्याशी बोलली नाही, पण उतरताना ते पिशवी विसरले होते, ती तिनंच उचलून घेतली.

महिनाभर घरात मीठ आणि मोटर एवढंच बोलणं झालं. लालासाहेब पारावर जायचे बंद झाले होते. मग एक दिवस ते हातात फोन घेऊन स्वयंपाकघरात आले, दाढी गुळगुळीत, चेहऱ्यावर एकदम वीस वर्षं कमी. मिरजेच्या जोडप्यातल्या माणसाचं ऑपरेशन निघालं होतं. आसामची जागा मोकळी झाली होती. त्यांनी स्वतः समीनाला फोन केला होता, पडेल ते काम करीन म्हणून सांगितलं होतं, गेटवर सुद्धा. गुरुवारी वाईला बोलावलंय. पद्धत म्हणून परत एकदा दोघांना वेगवेगळं विचारतील, बस्स.

साळूबाई भाजी चिरत होती. तिनं वर बघितलं नाही, पण तिला परत सगळं दिसायला लागलं. शंभर मुली, शंभर ताटं. आणि गेटवर बसलेला हा माणूस, जो दुपारी कामं आटपली की तिच्याशी बोलेल. ती स्वतःशीच म्हणाली, माणूस चुकतो. चुकला, तोंडावर आपटला, आता स्वतःहून फोन केला. आणखी काय पाहिजे? गुरुवारपर्यंत तिनं मनातल्या मनात त्यांना निम्मं माफ केलं होतं. उरलेलं आसामच्या गाडीत करणार होती.

वाईला पोचेपर्यंत लालासाहेब बोलतच होते. तेजपूरचा पूल, चहाचे मळे, ब्रह्मपुत्रेवरची होडी. साताऱ्याच्या स्टँडवर त्यांनी तिला गरम वडापाव आणून दिला. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा, तिनं न मागता.

समीनानं आधी साळूबाईला आत घेतलं. पाण्याचा ग्लास दिला, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "काकू, काकांचं मला खरंच कौतुक वाटतं. महिनाभर धीर सोडला नाही त्यांनी. रोज तुमची समजूत घालत होते म्हणे. शेवटी तुमची भीती घालवलीच."

साळूबाईनं ग्लास खाली ठेवला.

बाहेरच्या बाकावर लालासाहेब बसले होते, ते दारातून दिसत होते. पाठ ताठ, गुडघ्यावर हात, छातीला दोन पदकं. त्यांनी परत तेच सांगितलं होतं. चूक कबूल करायची वेळ आली तेव्हा चूक तिच्या अंगावरच ठेवली आणि वर धीर देणारा नवरा झाले. आसामात दीड वर्ष काय होणार ते तिला लख्ख दिसलं. भात करपला तर मंडळींचं लक्ष नव्हतं. उशीर झाला तर मंडळी उठल्या नाहीत. आणि ती सगळ्यांसमोर मान हलवून म्हणणार, व्हय, तसंच झालं.

"पोरी, माजी समजूत कुणी घातली न्हाई," ती म्हणाली. "मला कवाच भ्या वाटलं नव्हतं. मी एका रात्री सुदीक रडले न्हाई. ह्यास्नी यायचं नव्हतं म्हणून त्यांनी माझं नाव सांगितलं. मागल्या खेपेला तू फोनवर तसं म्हणालीस तवा मी व्हय म्हणाले, ते खोटं हुतं."

समीनानं फाइल उघडली, मिटली. मग हळूच म्हणाली, मग तर तुम्ही यायलाच हवं, काकू. आम्हाला तुमच्यासारखी बाई हवीच आहे.

"मला यायचं हाय. लय यायचं हाय." साळूबाईचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "पण ह्या माणसाबरूबर न्हाई. एकटीला घ्याल?"

जोडप्यानंच जायचं हा नियम समीनानं केलेला नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण नियम तिच्या हातात नव्हता. साळूबाईनं ते ओळखलं आणि तिच्याच पाठीवर हात ठेवला.

"मग लिव्ह. तयारी न्हाई. पर ह्या खेपेला माजं मी सोता सांगतीया, आसं लिव्ह."

समीनानं लिहिलं. साळूबाईनं ते वाचलं आणि बाहेर आली.

लालासाहेब उठून उभे राहिले. कधी निघायचं ठरलं, असं त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं की मी नको म्हणून सांगितलं, आणि तुम्ही काय काय सांगितलं होतं तेही सांगितलं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. ते आत जायला एक पाऊल वळले, थांबले. समीना दारातून त्यांच्याकडं बघत होती, आणि ती बघतेय हे त्यांना सोसवेना. पदकांवर हात ठेवून ते खालच्या आवाजात म्हणाले, "आता गावात काय सांगू?"

"तुमाला येतंय की सांगायला," साळूबाई म्हणाली आणि चालू लागली.

स्टँडवर साताऱ्याची गाडी उभी होती. आत एकच जागा रिकामी होती, खिडकीपाशी बसलेल्या एका कॉलेजच्या पोरीशेजारी. साळूबाई तिथं बसली. लालासाहेब मागनं चढले आणि वरच्या दांडीला धरून उभे राहिले. गाडी सुटली, कृष्णेचा घाट मागं पडला. साळूबाईनं डोळे कोरडे केले आणि त्या पोरीला विचारलं, कुठं निघालीस गं? पोरीनं कानातली वायर काढली आणि सांगायला लागली, आणि साळूबाई तिच्याकडं वळून बसली.